श्रावणबाळ आणि आठ बाय बेचाळीस

रामायण-महाभारतात जे अनर्थ घडले त्यांची कारणं लोक शाप, कर्म, प्रारब्ध अशी सांगतात. मी पडलो बी.कॉम., मला कारण साधं दिसतं : समोर कोण आहे हे नीट न पाहता शिकाऱ्यांनी बाण सोडले. दशरथाने रात्री शरयूकाठी घागर बुडल्याचा आवाज ऐकला, हत्ती पाणी पितोय असं धरून चालला आणि श्रावणबाळाचा जीव घेतला. जरा नावाच्या व्याधाला झाडीतून श्रीकृष्णाचा पाय दिसला, तो त्याला हरिणाचा वाटला, आणि एका युगाचं खातं बंद झालं. पंडूची केस मी बाजूला ठेवतो. त्याने खरोखर हरीणच मारलं होतं. आत किंदम ऋषी होते हे कुठल्याच काचेतून दिसलं नसतं. पण उरलेल्या दोन्ही केसेस दुर्बिणीच्या अभावाच्या आहेत. तीही फार भारी नको, मध्यम किमतीची चालली असती.

आता तुम्ही म्हणाल, कारकुनाला शिकारीतलं काय कळतं? काही कळत नाही. पण खात्री करून घेणं हा माझा रोजचा धंदा आहे. चेक समोर आला की नमुना सही काढायची, दोन्ही जुळवायच्या आणि मगच पास करायचा. पास झालेला चेक आणि सुटलेली गोळी, दोन्ही परत येत नाहीत. ज्या देशांत शिकार कायदेशीर आहे तिथे नवख्यांना हेच शिकवतात. झाडीत काय हललं हे बंदुकीवर बसवलेल्या दुर्बिणीतून पाहायचं नाही, कारण जिकडे ती वळते तिकडे नळीही वळते, आणि हललेली वस्तू दुसरा शिकारीही असू शकतो. म्हणून गळ्यात वेगळी दुर्बीण हवी. शिकाऱ्याच्या सगळ्या सामानात ‘जरा थांब’ म्हणणारी तेवढी एकच वस्तू.

ही वस्तू जन्माला आली तीच सरकारी शेरा घेऊन. 1608 साली हॉलंडमधल्या मिडलबर्गचा चष्मेवाला हान्स लिपरहे दुर्बिणीचं पेटंट मागायला सरकारदरबारी गेला. सरकारने नळी पाहिली आणि म्हटलं, छान आहे, पण दोन्ही डोळ्यांनी पाहता येईल अशी करून आणा. बिचाऱ्याने डिसेंबरपर्यंत तशी करून दिली. सरकारने वस्तू पसंत केली, पैसेही दिले, आणि पेटंट मात्र नाकारलं. ही विद्या इतरांनाही ठाऊक आहे म्हणून. ज्यांनी आयुष्यात एकदा तरी सरकारी अर्ज केलाय त्यांना हा इतिहास पाठ करावा लागणार नाही.

पुढची अडीचशे वर्षं दुर्बिणीची दोन घराणी नांदली. एकात चित्र सुलटं दिसे, पण एवढंसं. ती नाटकातल्या नटीचा चेहरा पाहायला ठीक होती. दुसऱ्यात चित्र मोठं पण उलटं. हरीण पाय वर करून चरतंय म्हटल्यावर नेम कुठे धरणार? ते सुलटं करायला आणखी भिंगं घातली की नळी हातभर लांब होई. 1854 साली इग्नाझिओ पोरो या इटालियन गृहस्थाने दोन लोलकांत प्रकाशाला कोपऱ्याकोपऱ्याने फिरवून चित्र सुलटं केलं आणि नळीही आखूड केली. कल्पना उत्तम, पण त्या वेळची काच साथ देईना. चाळीस वर्षांनी जर्मनीत येना गावी एर्न्स्ट आबे यांनी तीच युक्ती पुन्हा शोधली. पेटंट घ्यायला गेले तेव्हा कळलं की प्रॉपर्टी आधीच पोरोच्या नावावर आहे. मग 1893 साली त्यांनी पुढची भिंगं डोळ्यांपेक्षा जास्त अंतरावर ठेवण्याच्या युक्तीचं पेटंट मिळवलं. त्यामुळे पुढचं झुडूप आणि मागचं जनावर वेगवेगळं उठून दिसतं. ओटो शॉट यांची नवी काच हाताशी होतीच. 1894 पासून झाइसच्या दुर्बिणी बाजारात आल्या.

जगाला त्या इतक्या सवयीच्या झाल्या की 1914 साली महायुद्ध पेटलं तेव्हा इंग्लंडच्या लक्षात आलं, शत्रूकडे पाहायच्या दुर्बिणीची चांगली काच बरीचशी शत्रूच्याच देशातून येते! तेव्हा पूर्वी हिंदुस्थानात सरसेनापती असलेल्या लॉर्ड रॉबर्ट्‌सनी शौकीन मंडळींना आवाहन केलं की आपल्या शर्यतीच्या आणि शिकारीच्या दुर्बिणी सैन्याला उसन्या द्या.

आता मध्यम किमतीचा मुद्दा. दुर्बिणीवर ‘8×42’ असं लिहिलेलं असतं. आठ पटींनी जवळ दिसतं आणि पुढच्या भिंगाचा व्यास 42 मिलीमीटर. बेचाळीसला आठाने भागा : सव्वापाच. एवढ्या मिलीमीटरचा प्रकाशाचा झोत आपल्या डोळ्यात शिरतो. भर दुपारी या आकड्याला काही किंमत नाही. पण हरणं चरायला निघतात ती पहाटे आणि तिन्हीसांजेला, म्हणजे नेमकं नीट दिसत नाही तेव्हा. शिकाऱ्याची दुर्बीण पारखायची ती त्या अर्ध्या तासात. 8×30 मध्ये भागाकार पावणेचारच येतो. खिशाला बरी, संध्याकाळी आंधळी. जर्मनीत चांदण्यात मचाणावर बसून रानडुकराची वाट पाहणारे 8×56 वापरतात. भागाकार बरोब्बर सात. पण सात मिलीमीटर बाहुली उघडते ती तरुणपणी. चाळिशी ओलांडली की बऱ्याच जणांची पाच-सहावर अडते. वरचा प्रकाश दाराशी येतो आणि आत न येता परत जातो, आयकर कापून हाती आलेल्या बोनससारखा. म्हणजे दशरथाला 8×56 चालली असती, तो तेव्हा तरुण युवराज होता. आपण बेचाळिसातच सुखी राहावं.

दुसरी गोष्ट काचेवरच्या लेपाची. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर चार टक्के प्रकाश परावर्तित होतो, म्हणजे चार टक्के दलालीच. असे दहा पृष्ठभाग ओलांडले की शंभरातले सहासष्टच पोचतात. 1935 साली झाइसमधल्या स्माकुला यांनी पातळ लेप देऊन ही दलाली पार उतरवली. पुढे लष्कराने ते गुपित ठेवलं. युद्धानंतर ते सर्वांचं झालं. सरळ नळ्यांच्या दुर्बिणींतल्या लोलकाची धूसरता घालवणारा लेप 1988 साली आला, तोही आधी श्रीमंतांसाठीच. आज अमेरिकी दुकानांत दोनशे ते पाचशे डॉलरच्या दुर्बिणींत हे दोन्ही लेप मिळतात. दोन हजारांच्या वरची दुर्बीण कडेपर्यंत अधिक नितळ दाखवते, यात वाद नाही. पण हरीण की माणूस, एवढं सांगायला मधली पुरते. मध्यमवर्गाचा हा फार जुना फायदा आहे : साहेबांनी काल ज्यासाठी भरमसाट पैसे मोजले ते आपल्याला आज बेताच्या किमतीत मिळतं. फक्त थोडं थांबता आलं पाहिजे, आणि थांबण्याचा सराव आपल्याइतका कोणाला आहे?

घेताना दुकानदाराच्या बोलण्यापेक्षा आपल्या हातावर विश्वास ठेवावा. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे पाहा. मागच्या भिंगातले प्रकाशाचे ठिपके गोल हवेत, कडा तासल्यासारखे नकोत. चष्मा असेल तर चष्म्यासकट पूर्ण वर्तुळ दिसतंय ना ते पाहा. आणि जमलं तर दिवेलागणीला जाऊन समोरच्या दुकानाची पाटी वाचा. दुपारी बारा वाजता सगळ्याच दुर्बिणी गुणी असतात.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारीचं दुकान जवळजवळ बंद झालं. पण गंमत पाहा, आपल्याकडच्या सर्वांत मोठ्या पक्षीतज्ज्ञाची सुरुवातही छर्ऱ्यानेच झाली होती. 1908 साली लहानग्या सालिम अलींनी मुंबईत एअरगनने एक चिमणी पाडली. तिचा गळा पिवळा निघाला, आणि ही कुठली जात हे विचारायला पोरगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. त्या काळी पक्षी ओळखायचा तर बहुधा आधी मारावा लागे. सही तपासण्यासाठी खातेदारालाच आडवा करण्यासारखं. चांगल्या दुर्बिणी सामान्य माणसाच्या आवाक्यात येऊ लागल्या तशी ही पद्धत मागे पडली.

आज रविवारी पहाटे मध्यम किमतीची दुर्बीण गळ्यात घालून तळ्याकाठी जी माणसं दबकत चालतात, ती शिकाऱ्यासारखीच दबा धरतात, शिकाऱ्यासारखेच डास मारतात आणि शिकाऱ्यासारख्याच थापा मारतात. सही अगदी बारकाईने तपासतात. फक्त चेक पास करत नाहीत.