चैलचा राजवाडा आणि किचनरची नसलेली मुलगी

हिमाचल प्रदेशातले चैल हे सिमल्यापासून सुमारे ४५ किलोमीटरवरचे, देवदारांच्या जंगलातले लहानसे गाव. तिथला पतियाळाच्या महाराजांचा राजवाडा आज राज्य पर्यटन विकास महामंडळाचे हॉटेल आहे. ‘थ्री इडियट्स’मुळे ही वास्तू मराठी पर्यटकांच्याही ओळखीची झाली. तिच्याबद्दल एक गोष्ट सर्रास सांगितली जाते. महाराजा भूपिंदरसिंग यांनी सरसेनापती लॉर्ड किचनर यांच्या मुलीला माल रोडवरून पळवले, इंग्रजांनी त्यांना सिमलाबंदी केली आणि संतापलेल्या महाराजांनी सिमल्याच्या नाकावर टिच्चून चैल वसवले. सिमल्यातला ‘स्कँडल पॉइंट’ याची साक्ष म्हणून दाखवला जातो.

या गोष्टीला सनावळी लावली की ती उभी राहत नाही. चैल उभे राहू लागले ते १८९०च्या दशकाच्या आरंभी. तिथले प्रसिद्ध क्रिकेट मैदान १८९३चे. भूपिंदरसिंगांचा जन्म ऑक्टोबर १८९१चा, म्हणजे मैदान झाले तेव्हा ते पुरते दोन-अडीच वर्षांचेही नव्हते. किचनर सरसेनापती म्हणून हिंदुस्थानात आले ते १९०२ साली. ते आजन्म अविवाहित राहिले. त्यांना मुलगीच नव्हती. काही जण सरसेनापतीऐवजी व्हाइसरॉयची मुलगी असा पाठभेद सांगतात. पण लॉर्ड कर्झन १९०५ मध्ये परतले, तेव्हा त्यांची थोरली मुलगी अवघी नऊ वर्षांची होती.

चैलचे खरे कर्ते भूपिंदरसिंगांचे वडील, महाराजा राजिंदरसिंग. क्रिकेट आणि पोलोचे शौकीन असलेल्या या राजाने १८९३ मध्ये फ्लॉरेन्स ब्रायन या युरोपीय तरुणीशी लग्न केले. तिचा भाऊ महाराजांच्याच पदरी घोड्यांची व्यवस्था पाहत असे. हा विवाह इंग्रज सरकारला मुळीच रुचला नाही. चैल आकार घेत असतानाच घडलेले हे प्रकरण पुढे लोकांच्या तोंडी फिरत राहिले असावे आणि त्यात अधिक प्रसिद्ध मुलाचे व अधिक वजनदार साहेबाचे नाव शिरले असावे, असा तर्क करता येतो. भूपिंदरसिंग पुढे १९११च्या इंग्लंड दौऱ्यावर गेलेल्या हिंदी संघाचे कर्णधार झाले; पाळवणकर बाळू याच संघात होते. अशा गाजलेल्या माणसाला दंतकथा सहज चिकटतात.

डोंगर मिळवण्यासाठी पतियाळाला सूडाचे निमित्त हवे होते असेही नाही. गुरखा युद्धानंतर, १८१५ मध्ये, कंपनीने केओंथल आणि बघाट या डोंगरी संस्थानांचा काही मुलूख पतियाळाला विकला होता. इंग्रजांना सिमल्यासाठी जी जमीन लागली, तिचा एक भाग त्यांनी १८३० साली पतियाळाकडूनच बदल्यात घेतला. त्याच सुमारास माल्कमनेही साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी अशाच अदलाबदलीतून महाबळेश्वर मिळवले होते. थंड हवेची ठिकाणे इंग्रजांनी ‘शोधली’ असे आपण वाचतो. पण त्यांची मालकी अशा सौद्यांतून आली.

यापुढचा इतिहास गाइड सहसा सांगत नाहीत. १९४८ मध्ये पतियाळा संस्थान पेप्सू या नव्या संघराज्यात गेले आणि १९५६ मध्ये पेप्सू पंजाबात विलीन झाले. १९६६च्या पुनर्रचनेत हा डोंगरी भाग हिमाचलला मिळाला. १९७१ मध्ये हिमाचलला पूर्ण राज्याचा दर्जा लाभला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे रद्द झाले. पुढल्याच वर्षी, १९७२ मध्ये, पर्यटन महामंडळ स्थापन झाले आणि चैलचा राजवाडा सरकारी हॉटेल बनला. जिथे एकेकाळी निमंत्रणावाचून प्रवेश नव्हता, तिथली खोली पैसे भरून कोणालाही मिळू लागली. सत्तांतर म्हणजे काय, ते इथल्या नोंदवहीत सही करणाऱ्या पाहुण्याला न सांगता कळते.

मात्र हा सार्वजनिक वारसा सांभाळणे सोपे नाही. महामंडळाच्या निवृत्त कर्मचाऱ्यांची देणी थकल्याचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने तोट्यातली अठरा हॉटेले बंद करण्याचा आदेश दिला. त्या यादीत चैलचा राजवाडाही होता. काही दिवसांतच त्याला सवलत मिळाली. पण प्रश्न उघडा पडला. कधीच न घडलेल्या अपहरणाची कथा पाहुणे खेचते, आणि ज्यांनी या हॉटेलांतल्या खोल्या झाडल्या, जेवण रांधले, त्यांना हक्काच्या पैशांसाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते.

दंतकथा टिकते, कारण तिच्यात एक हिंदी राजा साहेबाला नमवतो. पारतंत्र्यातल्या मनाला तो दिलासा होता. आज त्या दिलाशाची तेवढी निकड नाही. राजाचा डोंगर लोकांचा कसा झाला आणि तो लोकांचाच राहावा यासाठी काय मोजावे लागेल, ही चैलची खरी गोष्ट आहे. ती किचनरच्या नसलेल्या मुलीपेक्षा आपल्या अधिक जवळची आहे.