पंचमदा गेल्यानंतर

आपण नववीत होतो तेव्हाची गोष्ट. ४ जानेवारी १९९४ रोजी राहुलदेव बर्मन गेले. वय अवघे ५४. शेवटच्या काही वर्षांत त्यांच्याकडचे काम आटले होते. ‘१९४२: अ लव्ह स्टोरी’ची गाणी गाजली ती ते गेल्यावर, १९९५ चा फिल्मफेअर पुरस्कारही मरणोत्तरच.

त्यांची आठवण खरी जपली ती चाहत्यांनी. २७ जून हा जन्मदिवस आणि ४ जानेवारी, या तारखांच्या आसपास पुण्या-मुंबईत कार्यक्रम होत आले. कॅसेटच्या वेष्टनावर सहसा वादकांची नावे नसत. चाहत्यांनी ती शोधली. सॅक्सोफोनवाले मनोहारी सिंग, गिटारवाले भानू गुप्ता यांना मंचावर बोलावले. ‘चुरा लिया’च्या सुरुवातीची पेल्यावरची किणकिण कशी सुचली, अशा गप्पा रंगल्या. पडद्यामागच्या या मंडळींना उशिरा का होईना, टाळ्या स्वतःच्या कानांनी ऐकता आल्या. पंचमदांच्या वाट्याला ते सुख आले नाही.

आपले सर आणि बाई या मेळाव्यात समोर बसणार आहेत. जे सांगायचे ते तेव्हाच सांगून टाकूया.