ग्रंथिक सन्निपाताचे आंकडे व साथीचें गणित

चाळीसगांवाजवळ पाटणें येथें भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला, हें शके ११२८ च्या तेथील शिलालेखावरून वाचकांस ठाऊक आहेच. आचार्यांनीं ग्रहांच्या तात्कालिक गतीचा, म्हणजे त्या त्या क्षणींच्या वेगाचा, विचार केला होता. त्याच जातीचा विचार पुढें मनुष्यांच्या मरणास लागू झाला, आणि त्यास सामग्री पुरविली आमच्याच इलाख्यानें.

इ. स. १९२७ मध्यें (धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झालें तेंच हें वर्ष) कर्मॅक व मॅकेंड्रिक यांचा साथींच्या गणितावरील निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीनें छापिला. पैकीं मॅकेंड्रिक हे हिंदुस्थानांत वैद्यकीय नोकरी केलेले. त्यांनीं लोकांचे तीन वर्ग कल्पिले: रोग लागण्याजोगे, रोगग्रस्त, आणि बरे होऊन वा मरून बाजूस झालेले. नवी लागण पहिल्या दोन वर्गांच्या संख्यांच्या गुणाकारावर अवलंबून. यावरून निघतें तें असें, कीं साथ ओसरण्यास सर्व माणसें संपावीं लागत नाहींत. लागण्याजोग्यांची दाटी एका मर्यादेखालीं आली म्हणजे ती आपोआप उतरूं लागते. टोंचणी व विलगीकरण यांचें मर्म हेंच. इ. स. २०२० च्या साथींत देशोदेशीं याच त्रिवर्गाचा हिशेब मांडला गेला.

पडताळ्यासाठीं त्यांनीं डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ मधील मुंबईचे प्लेगमृत्यु आठवडेवार घेतले. सूत्रानें शिखर आठवड्यास ८९० येतें, व आंकडे रेषेस सुंदर जुळतात. तेवढ्यावरून सूत्र खरें मानणें मात्र आम्हांस मान्य नाहीं. प्लेग मुळांत उंदरांचा रोग, पिसवांच्या द्वारें माणसांत येणारा. मुंबईंत १८९६ पासून तो वर्षानुवर्षें ऋतु धरून परतत होता. मग संख्या दाटी घटल्यानें उतरली कीं ऋतु पालटल्यानें? एका वर्षाच्या रेषेवरून हें ठरत नाहीं. आपली गृहीतें काटेकोर लागू नाहींत, हें त्या लेखकांनींही लिहून ठेविलें आहे. एकाच पोथीवरून पाठ निश्चित करूं नये, हा आपला नियम येथेंही तितकाच खरा.

दुसरी पोथी कोठें मिळावी? जुन्या दप्तरांत. जळगांव-धुळ्याकडील संग्राहकांस गाठोड्यांत मृत्यूच्या नोंदवह्या, किंवा गांव सोडून माळावर झोंपड्यांत राहिल्याचे उल्लेख असलेलीं पत्रें आढळल्यास तीं किरकोळ समजून रद्दींत टाकूं नयेत. विलगीकरणाच्या भीतीनें त्या काळीं लोक रोगी दडवीत, म्हणून नोंदलेला आंकडा किमान समजावा. नक्कल करतांना इंग्रजी तारखेबरोबर मूळ तिथीही ठेवावी. हिशेब आठवड्यांचा आहे, महिन्यांचा नव्हे.