फंक्शनल प्रोग्रॅमिंग : सुरुवात कोठून करावी?

एकाच बँक खात्यातून एकाच क्षणी दोन ठिकाणी पैसे काढले गेले, तर शिल्लक किती दाखवायची? आज्ञावलीचे दोन भाग एकच आकडा एकाच वेळी बदलू लागले की हिशेब चुकतो आणि अशी चूक चाचणीत सापडेलच याची खात्री नसते. अनेक गाभ्यांचे प्रोसेसर सर्वत्र रुळल्यापासून हा धोका वाढला आहे. फंक्शनल प्रोग्रॅमिंगचा भर नेमका येथे आहे. एकदा दिलेले मूल्य शक्यतो बदलायचे नाही, आज्ञावली गणितातील फलनांप्रमाणे रचायची आणि बदल घडविणारा भाग वेगळा व लहान ठेवायचा.

या विचाराचा पाया अलोन्झो चर्च यांनी १९३०च्या दशकात मांडलेल्या लॅम्डा कॅल्क्युलसमध्ये आहे. जॉन मॅकार्थी यांनी १९५८मध्ये लिस्प भाषेचे काम सुरू केले. २०१४मध्ये जावाच्या आठव्या आवृत्तीतही लॅम्डा आले. त्यामुळे नोकरीसाठी केवळ जावा शिकणाऱ्यालाही हा विषय टाळता येत नाही.

नवशिक्यांसाठी

रॅकेट ही भाषा आणि तिचे डॉक्टररॅकेट हे मोफत साधन यांपासून सुरुवात करणे सोयीचे ठरते. त्यात विद्यार्थ्यांसाठी टप्प्याटप्प्याने वाढत जाणाऱ्या भाषा असून, आकडेमोड पायरीपायरीने पाहता येते. सोबतचे ‘हाऊ टू डिझाइन प्रोग्रॅम्स’ हे पुस्तक इंटरनेटवर विनामूल्य वाचता येते.

ॲबेलसन आणि सस्मन यांचे ‘स्ट्रक्चर अँड इंटरप्रिटेशन ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅम्स’ (१९८५, दुसरी आवृत्ती १९९६) हेही विनामूल्य उपलब्ध आहे. मात्र त्यातील अनेक उदाहरणे गणितावर बेतलेली असल्याने ते सावकाश वाचावे. २०२२मध्ये त्याची जावास्क्रिप्ट आवृत्तीही प्रसिद्ध झाली.

हॅस्केलची वाट

तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी यांचे नाव लाभलेली हॅस्केल भाषा १९९०मध्ये प्रसिद्ध झाली. जीएचसीअप या साधनाने तिचा कम्पायलर विंडोज, मॅक आणि लिनक्सवर बसविता येतो. जीएचसीआयमध्ये एकेक ओळ लिहून लगेच उत्तर पाहता येते, तर हूगल या शोधयंत्रात फलनाचा प्रकार लिहूनही हवे ते फलन शोधता येते. मिरान लिपोवाचा यांचे ‘लर्न यू अ हॅस्केल’ इंटरनेटवर मोफत आहे. मात्र २०११च्या या पुस्तकातील काही उदाहरणे नव्या कम्पायलरवर जशीच्या तशी चालत नाहीत. ग्रॅहम हटन यांच्या ‘प्रोग्रॅमिंग इन हॅस्केल’ची २०१६ची दुसरी आवृत्ती अधिक अद्ययावत आहे.

भारतीय विद्यार्थ्यांना एनपीटेलवर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे माधवन मुकुंद आणि एस. पी. सुरेश यांची हॅस्केलवरील व्याख्याने मोफत पाहता येतात.

जावा येणाऱ्यांसाठी

जावाची सवय असणाऱ्यांना मार्टिन ओडरस्की यांची स्काला भाषा जवळची वाटेल. त्यांचा अभ्यासक्रम कोर्सेरावर आहे. सरावासाठी एक्झरसिझम या संकेतस्थळावर हॅस्केल, ओकॅमल, क्लोजर आदी भाषांची उदाहरणे मोफत सोडविता येतात.

साधनांची वाण नाही. अडचण ती निवडण्याची आहे. एक भाषा आणि एक पुस्तक ठरवावे व त्यातील प्रत्येक उदाहरण स्वतः टंकित करून चालवावे. पहिला सराव म्हणून, कोणत्याही चलाचे मूल्य न बदलता यादीतील आकड्यांची बेरीज करून पाहावी. हे जमले, की पुढील वाचन सोपे होते.