मूर्धतैल, शिकेकाई आणि शाम्पू

आपल्यापैकी अनेकांच्या जुन्या घरांत दिवाणखान्यातील खुर्च्यांच्या पाठीवर क्रोशाने विणलेले पांढरे रुमाल घातलेले असत. ते कशासाठी, असे लहानपणी विचारले की 'शोभेसाठी' असे उत्तर मिळे. शोभा ही नंतरची गोष्ट. मूळ कारण तेल. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये अलेक्झांडर रोलंड नावाच्या केशकर्तनकाराने 'मकासर ऑइल' या नावाने डोक्याचे तेल विकायला काढले. सुलावेसी बेटावरील मकासर बंदराचे नाव त्याने त्याला दिले होते. साहेबमंडळी ते इतक्या सढळ हाताने लावू लागली की खुर्च्यांच्या गाद्या तेलकट होऊ लागल्या. गृहिणींनी मग पाठीवर धुता येतील असे रुमाल टाकले आणि त्यांना 'अँटिमकॅसर' असे नावच पडले. पुढे इंग्रजी धाटणीच्या खुर्च्यांबरोबर हे रुमालही आपल्या वाड्यांत आले. तेल आमच्याकडे आधीपासून होतेच. रुमाल तेवढा नवा होता.

केसांची निगा हा विषय या पत्रिकेच्या वाचकांस हलका वाटण्याचा संभव आहे. परंतु घराण्याचा इतिहास जसा सनदांत आणि दप्तरांत असतो, तसाच तो न्हाणीघरातही असतो, आणि न्हाणीघरातला इतिहास बहुधा बायकांनीच सांभाळलेला असतो. म्हणून तो लिहिला जात नाही.

ग्रंथांपासून आरंभ करू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात दिनचर्येच्या ओघात डोक्यास नित्य तेल लावण्याचे फायदे सांगितले आहेत: केस गळत नाहीत, अकाली पिकत नाहीत, झोप चांगली लागते. वाग्भटाने अष्टांगहृदयात हा विषय अधिक नेमका केला. त्याने मूर्धतैलाचे चार प्रकार मानले. अभ्यंग म्हणजे चोळणे, सेक म्हणजे धार धरणे, पिचु म्हणजे तेलात भिजवलेला कापूस किंवा घडी टाळूवर ठेवणे, आणि बस्ती म्हणजे डोक्याभोवती चामड्याचा पट्टा बांधून त्यात तेल साठवणे. हे प्रकार उत्तरोत्तर अधिक बलवान. पण सर्वांना सर्व नाही. रुक्षता, कंड आणि मळ असेल तर साधे चोळणे पुरे. टाळूवर फोड, दाह असेल तर धार. केस गळत वा फुटत असतील तर पिचु. बस्ती ही निद्रानाश, अर्दितवायू अशा गंभीर व्याधींसाठी. आज केशभूषागृहात गेल्यावर 'तुम्हाला कोणती ट्रीटमेंट हवी' असे विचारतात, तो प्रश्न वाग्भटाने सुमारे तेराशे वर्षांपूर्वी विचारला होता. फरक इतकाच की त्याने आधी दुखणे काय ते विचारले आणि मग उपाय सांगितला.

आपल्या प्रदेशाच्या जवळचा दाखला म्हणजे कल्याणीच्या चालुक्य राजाचा, तिसऱ्या सोमेश्वराचा, बाराव्या शतकातील 'मानसोल्लास'. मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ कांडताना गायिल्या जाणाऱ्या ओवीच्या उल्लेखासाठी ठाऊक असतो. त्यातच राजाच्या स्नानोपभोगाचे प्रकरण आहे. फुलांनी वासवलेल्या तिळांचे तेल, मर्दन, आणि नंतर आवळ्याने केसांची स्वच्छता, असा तो क्रम. शतके उलटली तरी आमच्या घरी रविवारी सकाळी हाच क्रम होता. राजा तेवढा नव्हता.

आता स्थलांतराकडे वळू, कारण आपल्यासारख्यांचा प्रश्न खरा तेथे सुरू होतो. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये ग्वाल्हेरला लष्कर वसवले. मंदसौरच्या तहानंतर १८१८ मध्ये होळकरांची राजधानी इंदुरास आली. या दरबारांच्या आश्रयाने जी कुटुंबे देशावरून आणि कोकणातून वर गेली, त्यांच्याबरोबर खाणेपिणे, सणवार आणि न्हाण्याच्या पद्धतीही गेल्या. कोकणातल्या माणसाचे तेल म्हणजे खोबरेल. पण माळव्यात नारळ होत नाही, आणि ग्वाल्हेरच्या थंडीत खोबरेल बाटलीत दगडासारखे गोठते, कारण सुमारे २४ अंशांखाली ते घट्ट होऊ लागते. बाटली गच्चीवर उन्हात ठेवायची किंवा बंबाशेजारी, असा उद्योग चाले. मग हिवाळ्यात तिळाचे आणि उन्हाळ्यात खोबरेल, अशी वाटणी अनेक घरांत झाली. शेजारची मंडळी मोहरीचे तेल वापरीत. आमच्याकडे ते लोणच्यापुरते. नरकचतुर्दशीचे पहाटेचे अभ्यंगस्नान ही तर उत्तरेत 'दक्षिणी' घराची खूणच होती. शेजाऱ्यांना दिवाळीचा दिवा कळे, पण अंधारात उठून तेल-उटणे कशासाठी, हे कळत नसे.

आमच्या घरी हे सारे शास्त्र वडिलांच्या आत्याकडे होते. आम्ही तिला आत्याआजी म्हणत असू. माका, ब्राह्मी, आवळकठी आणि जटामांसी घालून ती तेल उकळीत असे. तेल झाले की नाही, हे ती तीन खुणांवरून ठरवी. कढईत फेस वर आला पाहिजे. तळाचा कल्क बोटांत वळला तर त्याची वात झाली पाहिजे. आणि ती वात विस्तवावर टाकली तर तडतडता कामा नये. पुढे आयुर्वेदाच्या पुस्तकात तैलसिद्धीची लक्षणे वाचताना मी चकित झाले. हीच तीन, जवळजवळ याच शब्दांत. आत्याआजीला अक्षरओळख जेमतेम होती. शिकेकाई, रिठा, नागरमोथा, गवला कचरा आणि संत्र्याची साल यांचे प्रमाणही तिच्या ओंजळीत होते. रिठा जास्त झाला तर केस रुक्ष होतात आणि डोळे झोंबतात, म्हणून तो नेहमी बेतानेच.

या आत्याआजीच्या डोक्यावर मात्र केस नव्हते. चौदाव्या वर्षी ती विधवा झाली आणि तत्कालीन ब्राह्मण घरांच्या रीतीप्रमाणे तिचे केशवपन झाले. आलवण नेसलेली, पदर कपाळापर्यंत ओढलेली ती बाई घरातल्या सात-आठ मुलीसुनांच्या डोक्यांना दर रविवारी तेल जिरवीत असे. स्वतःला अभ्यंग वर्ज्य. तिच्या हाताला तेलाचा वास असे, एवढाच तिचा त्या तेलाशी संबंध. आम्हां मुलींना त्यात काही वावगे वाटले नाही, हे आज लिहिताना अवघड वाटते.

ही प्रथा मोडण्याचे प्रयत्न तिच्या जन्माच्याही आधी सुरू झाले होते. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले. तेथे शिकलेल्या गोदूबाईंशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विवाह केला. त्याच पुढे आनंदीबाई कर्वे झाल्या आणि 'माझे पुराण' हे आत्मचरित्र त्यांनी लिहिले. १८९० मध्ये मुंबईतील नाभिकांनी सभा घेऊन विधवांचे केस न उतरवण्याचा निर्धार केला, तो सत्यशोधक चळवळीच्या प्रेरणेने. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला, ही घटना आपल्या शालेय इतिहासात आणखी ठळक यायला हवी होती. पण पुण्या-मुंबईचे वारे माळव्यातल्या सनातनी वाड्यांपर्यंत पोचायला वेळ लागला. दूर गेलेली माणसे मूळ गावापेक्षा रूढी अधिक घट्ट धरतात, याचा हा एक पुरावा. आपल्या समाजाने अभिमानाबरोबर हेही जपले होते.

शाम्पूची कथा थोडी निराळी आहे. हा शब्द आपल्याच देशातून गेला: 'चाँपना' या हिंदी क्रियापदाच्या आज्ञार्थी रूपातून. १७५९ मध्ये पाटण्यास जन्मलेला दीन महंमद कंपनीच्या फौजेत नोकरी करून आयर्लंडला गेला, आणि पुढे इंग्लंडमधील ब्रायटन येथे त्याने औषधी वाफेचे व मर्दनाचे स्नानगृह चालवले. चौथ्या जॉर्जने त्यास 'शाम्पूइंग सर्जन' नेमले. १८२२ मध्ये त्याने या विषयावर पुस्तकही लिहिले. तेव्हा शाम्पू म्हणजे अंग रगडणे. केस धुणे हा अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आला, आणि मग शब्द बाटलीत बंद होऊन परत आपल्याकडे आला. मूळ अर्थ येथे 'चंपी'त शिल्लक राहिला. 'प्यासा' (१९५७) चित्रपटात तो मालिशवाला रंगवणारे जॉनी वॉकर मूळचे इंदूरचे, हे इंदूरकरांना सांगायला नकोच.

तेलाचा साहित्याशीही संबंध आहे. कलकत्त्याचे हेमेंद्रमोहन बोस यांनी आपल्या 'कुंतलीन' या केशतेलाच्या नावाने कथास्पर्धा सुरू केली. १८९६ मध्ये तिचे पारितोषिक शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस यांच्या कथेस मिळाले. त्या कथेत खवळलेला समुद्र कुंतलीनची बाटली ओतून शांत होतो. शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांच्या 'मंदिर' कथेसही १९०३ मध्ये हेच पारितोषिक मिळाले, जरी ती त्यांनी मामाच्या नावाने पाठवली होती.

आता आजचा प्रश्न. गेल्या वर्षी माझ्या भाचीने एका केशभूषागृहात केस सरळ आणि मऊ करण्याची महागडी 'केराटिन ट्रीटमेंट' करून घेतली. डोळ्यांतून पाणी काढणारी वाफ, तापलेली इस्त्री, आणि तीन महिन्यांनी तुटके केस. अशा अनेक द्रावणांतून तापवल्यावर फॉर्माल्डिहाइड बाहेर पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्यास मानवात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत गणले, आणि २०११ मध्ये अमेरिकेतील कामगार सुरक्षा खात्याने केशभूषागृहांना याबाबत सावध केले. धोका गिऱ्हाइकापेक्षा रोज ते काम करणाऱ्या मुलींना अधिक, हे आपण विसरतो.

भाचीने मला विचारले, 'मावशी, मग लावायचे तरी काय?' तिला जे सांगितले ते येथे देते. केस ही मृत वस्तू आहे. त्यावरील खवले कौलांसारखे एकावर एक बसलेले असतात. ते उचकटले की केस रुक्ष दिसतो, आणि कोणताही लेप ते पुन्हा जिवंत करीत नाही. आजचे कंडिशनर धन विद्युतभाराचे असते, केसाचा झिजलेला भाग ऋण भाराचा; म्हणून ते नेमके झिजलेल्या जागी चिकटते आणि गुंता कमी करते. 'डीप' म्हणून विकले जाणारेही बहुतांशी पृष्ठभागावरच राहते. प्रथिनांचे लेप काही धुण्यांपुरते बळ देतात. अति झाले तर केस ताठर होतात. खोबरेल मात्र आत शिरते, कारण त्यात सुमारे निम्मे असणारे लॉरिक आम्ल लहान व सरळ साखळीचे असते. रेले आणि मोहिले यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात धुण्यापूर्वी वा नंतर लावलेल्या खोबरेलाने केसांतील प्रथिनांची झीज कमी झाली. सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाने झाली नाही. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या मॅरिको कंपनीचेच होते, हे ध्यानात ठेवूनही मला तो निष्कर्ष ग्राह्य वाटतो, कारण खनिज तेल बाहेरच राहते हे अन्य पद्धतीच्या प्रयोगांतही दिसले आहे.

तेव्हा धुण्याच्या आदल्या रात्री चमचा-दोन चमचे खोबरेल, मुळांपेक्षा टोकांना अधिक. सौम्य शाम्पू किंवा शिकेकाई. नंतर थोडे साधे कंडिशनर. कोंडा असेल तर मात्र तेल जिरवीत बसू नये, त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. कोंड्यास कारण होणारी बुरशी तेलावरच पोसते. आत्याआजीच्या कढईतले तेल मी आता करीत नाही. कढई आहे, तिच्यात दिवाळीच्या करंज्या तळतात.