2003 की 2015? फँटसी हॉकीतली सगळ्यात भारी बॅच

आज क्रिकेट नाही, आइस हॉकी. थांबा, बंद करू नका.

2019 मध्ये, पहिल्या नोकरीत, टोरोंटोच्या सहकाऱ्यांनी मला त्यांच्या फँटसी लीगमध्ये ओढलं. कीपर लीग, म्हणजे खेळाडू वर्षानुवर्षं स्वतःकडे ठेवता येतो. एकाने सोडलेली टीम मला आयती मिळाली. त्यात किरिल काप्रिझॉव्ह नावाचा कुणी होता, शून्य पॉइंट्स. हा तर एनएचएलमध्ये खेळतच नाही! मी पहिल्याच आठवड्यात त्याला काढून टाकला.

हा माणूस 2015 च्या ड्राफ्टमधला. ड्राफ्ट म्हणजे आयपीएलचा लिलाव नव्हे. पैशांची बोली नसते, अठरा-एकोणीस वर्षांची पोरं टीम्स आळीपाळीने निवडतात. त्या वर्षी पहिला कॉनर मॅकडेव्हिड, दुसरा जॅक आयकल, चौथा मिच मार्नर, दहावा मिक्को रांटानेन. काप्रिझॉव्ह थेट 135 वा. तो रशियातच खेळत राहिला, म्हणून माझ्याकडे शून्य दिसत होतं.

पण लीगमधले जुने लोक शपथ घेतात ती 2003 च्या बॅचची. एरिक स्टाल, रायन गेट्झलाफ, कोरी पेरी, ब्रेंट बर्न्स हे सगळे पहिल्या फेरीत. पॅट्रिस बर्जरॉन 45 वा, शे वेबर 49 वा. आणि जो पाव्हेल्स्की 205 वा, ज्याने पुढे हजाराच्या वर पॉइंट्स केले. दोनशे चार वेळा लोकांनी दुसऱ्याचं नाव घेतलं, विचार करा!

मग तुलना कशी करायची? मी आधी सरळ करिअरचे पॉइंट्स बेरीज करणारी स्क्रिप्ट लिहिली. मूर्खपणा होता. त्या हिशेबाने 1979 ची बॅच डोक्यावर बसते: मार्क मेसियर (48 वा!), रे बोर्क. पण 1981-82 मध्ये एका मॅचमध्ये दोन्ही टीम्स मिळून सरासरी आठ गोल व्हायचे, 2003-04 मध्ये जेमतेम पाच. नव्वदीतला वनडेचा स्ट्राइक रेट आजच्या टी-20शी लावण्यासारखं झालं ते. शिवाय 2003 च्या पोरांचा 2004-05 चा अख्खा सीझन मालक आणि खेळाडूंच्या भांडणात बुडाला. परत आल्यावर नियम बदलले, गोल वाढले आणि स्टालने त्याच वर्षी बरोब्बर 100 पॉइंट्स केले. स्टाल सुधारला किती आणि नियमांनी हात दिला किती, हे स्क्रिप्टला कळत नाही.

दुसरी गोची फँटसीचीच. बर्जरॉनने बचाव करणाऱ्या फॉरवर्डचा सेल्की पुरस्कार सहा वेळा जिंकला, पण नुसते गोल-असिस्ट मोजणाऱ्या लीगमध्ये त्याचा बराचसा खेळ हवेत जातो. उलट हिट्स, ब्लॉक्स, शॉट्स मोजले की वेबर सोनं. बर्न्स तर ड्राफ्टला फॉरवर्ड म्हणून आला, डिफेन्समन झाला आणि 2016-17 मध्ये डिफेन्समन म्हणून 29 गोल केले! म्हणजे आधी आपल्या लीगचे नियम, मग बॅच.

माझं मत? बारा टीम्सच्या लीगमध्ये मधल्या दर्जाचा खेळाडू फुकटातही मिळतो. मॅकडेव्हिडसारखा नाही मिळत. 2022-23 मध्ये त्याचे 153 पॉइंट्स होते. म्हणून फँटसीपुरतं मी 2015 ला वर ठेवतो. खऱ्या हॉकीत मात्र 2003. खोलीला तोड नाही. टोरोंटोवाल्यांना हे पटत नाही, चालायचंच.

आणि काप्रिझॉव्ह? 2020-21 मध्ये आला, सर्वोत्तम नवोदिताचा काल्डर पुरस्कार घेतला, पुढच्या सीझनला 108 पॉइंट्स. मी काढल्याच्या दुसऱ्याच दिवशी लीगमधल्या एकाने त्याला उचलला होता. अजून त्याच्याकडेच आहे. दर वर्षी मी ट्रेड मागतो, दर वर्षी तो फक्त हसणारा इमोजी पाठवतो.