भोंग्यानंतरची शाळा

पिंपरी-चिंचवडचा इतिहास सांगावयाचा झाला की आपण सहसा कारखान्यांची नावे घेतो. कोणता कारखाना केव्हा आला, त्याने किती जमीन व्यापली, त्यातून काय बाहेर पडले, हेच आपल्या बोलण्यात येते. ते खोटे नाही. परंतु या नगरीला आणखी एक इतिहास आहे आणि तो कोणत्याही कोनशिलेवर कोरलेला नाही. पाळी सुटल्यावर, जेवण उरकल्यावर, मुले झोपी गेल्यावर स्वयंपाकघरातील दिव्याखाली पुस्तक उघडून बसलेल्या माणसांचा तो इतिहास आहे. आम्हांपैकी कित्येकांची घरे त्याच दिव्याच्या उजेडात उभी राहिली. ती पिढी आता थकत चालली आहे, म्हणून हे लिहून ठेवावेसे वाटले.

पवना आणि इंद्रायणी या नद्यांच्या काठचा हा मुलूख. एका बाजूला देहू, दुसऱ्या बाजूला आळंदी. संसाराचा भार वाहत असतानाच संतांची वचने पाठ करणाऱ्या तुकोबांची ही भूमी. पोट भरण्याचे काम आणि शिकण्याचे काम एकाच आयुष्यात नांदू शकते, हा धडा येथील मातीला नवा नव्हता.

आधुनिक काळात तो धडा पहिल्यांदा गिरविला गेला तो पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली या सरकारी कंपनीची स्थापना झाली आणि पुढच्याच वर्षी पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. प्रचंड टाक्यांत बुरशी वाढवून तिच्यापासून औषध काढावयाचे, त्यात एक परका जंतू शिरला तर सारा घाणा वाया जावयाचा, हे काम देशात किती जणांना ठाऊक होते? जे आले त्यांना शिकत शिकतच काम करावे लागले. शिकणाऱ्यांची मजल पुढे कोठवर गेली पाहा. १९६१ साली डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे हॅमायसीन हे बुरशीनाशक औषध शोधून काढले. ते देणाऱ्या सूक्ष्म जीवाला शास्त्रीय नाव मिळाले ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’. एका खेड्याचे नाव अशा रीतीने जगाच्या शास्त्रग्रंथांत गेले.

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि माळरानावर भूखंड पडू लागले. १९६६ साली टेल्कोने येथे पाय रोवला. सुमंत मुळगावकरांच्या नेतृत्वाखाली या कंपनीने पुण्यात आरंभ केला तो गाड्या जोडण्यापासून नव्हे, तर यंत्रे आणि हत्यारे घडविण्यापासून. जो आपली हत्यारे आपण घडवितो त्याला माणसेही घडवावी लागतात. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानेही आस्थापनांवर उमेदवार घेण्याची जबाबदारी टाकली होती. नगर जिल्ह्यातून, वसईतून, कोकणातून, गोव्यातून, केरळातून तरुण मुले येथे उतरली. हातात पत्र्याची ट्रंक आणि खिशात आयटीआयचा दाखला, किंबहुना कित्येकांपाशी तोही नव्हता. आमची बहुतेक कुटुंबे याच लोंढ्यातून येथे आली.

या मुलांचे शिक्षण कसे झाले? पहिला गुरू म्हणजे शेजारच्या लेथवरचा जुना कारागीर. तो तोंडाने फारसे सांगत नसे. हात पाहावयाचा आणि शिकावयाचे. मायक्रोमीटरवर मिलिमीटरचा शंभरावा भाग वाचणे, आटे पाडण्यासाठी गिअरांचे गुणोत्तर बसविणे, ही विद्या पाहून आणि चुकून येत असे. परंतु ड्रॉइंगपाशी बहुतेकांचे अडत असे. वरून दिसणारे चित्र समोरच्या चित्राच्या खाली का काढतात, हे एकदा डोक्यात उतरले की कागदावरची वस्तू डोळ्यांपुढे फिरू लागते. त्यात टिपा सगळ्या इंग्रजीत. मराठी शाळेतून आलेला फिटर शब्दकोश घेऊन एकेक शब्द वहीत उतरवून घेई. अशा वह्या आजही आमच्या काही घरांतील पेट्यांत सापडतात. तेलाचे डाग पडलेल्या, पण अक्षर मोत्यासारखे.

ज्यांना याहून पुढे जावयाचे होते त्यांच्यासाठी ‘एएमआयई’ची वाट होती. १९२० साली स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स या संस्थेच्या या परीक्षा. महाविद्यालयात पाऊल न टाकता, नोकरी सोडून न देता, घरी अभ्यास करून ‘अ’ आणि ‘ब’ हे दोन विभाग उत्तीर्ण व्हावयाचे. सरकार त्यास अभियांत्रिकीच्या पदवीसमान मानीत असे. वाट उघडी होती, परंतु सोपी नव्हती. शिकविणारा कोणी नाही, रातपाळीची झापड डोळ्यांवर आणि पुढ्यात गणिताचा पेपर. कित्येकांना वर्षानुवर्षे लागली आणि पुष्कळांची नाव मध्येच अडकली. आमच्या वस्तीतील एका गृहस्थांचा ‘ब’ विभाग अखेरपर्यंत पुरा झाला नाही. त्यांना बढती मिळाली नाही. मात्र वस्तीतील किती मुले त्यांच्या ओट्यावर ड्रॉइंग वाचावयास शिकली, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. अशा माणसाला अनुत्तीर्ण म्हणावयाचे काय?

शिक्षण केवळ यंत्राचे नव्हते. १९५८ साली केंद्र सरकारने कामगार शिक्षणाचे मंडळ स्थापन केले, त्याचे मुख्यालय नागपूरला. त्याची योजना मोठी सुंदर होती. कामगारांतूनच निवडलेल्यांना शिकवून कामगार-शिक्षक करावयाचे आणि त्यांनी आपल्या सोबत्यांना कायदा, हक्क आणि कर्तव्ये समजावून द्यावयाची. पुढे १ जुलै १९८९ रोजी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले आणि ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद या भागात खरोखरीच घरोघरी पोहोचले. शाळा अर्ध्यावर सुटलेल्यांनाही त्याने पदवीचे दार उघडले, तेही मराठीतून. या दारातून आमच्या माता-भगिनीही आत गेल्या, हे विशेष. तोवर त्यांनी नवऱ्याच्या परीक्षेसाठी मुलांना गप्प बसविले होते, दुसऱ्या पाळीचे डबे भरले होते. आता त्यांचीही पुस्तके त्याच दिव्याखाली आली.

नंतर यंत्रच बदलले. संगणकावर चालणारी सीएनसी यंत्रे आली आणि वीस वर्षे हाताने चाक फिरविणाऱ्या टर्नरला अक्षरे आणि आकडे यांची नवी भाषा शिकावी लागली. सरळ रेषेसाठी ‘जी शून्य एक’, घड्याळाच्या दिशेने कंस कापण्यासाठी ‘जी शून्य दोन’. कोनांचे गणित तर शाळेतच मागे राहिलेले. तेव्हा दहावीतल्या मुलाचे त्रिकोणमितीचे पुस्तक बापाने मागून घेतले आणि बाप-लेक शेजारी बसून शिकले. ज्यांची शिकण्याची सवय सुटली नव्हती ते तरले. ज्यांची सुटली होती त्यांना तो काळ फार जड गेला.

काळाने दाखलेही जुने केले. आकुर्डीच्या बजाज कारखान्यातील वाहननिर्मिती २००७ साली थांबली. एएमआयईसाठी ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदविलेल्यांनाच पदवीची समकक्षता राहील, असे ठरले. २०२२ साली आकुर्डीतच विजेवर चालणाऱ्या चेतकचे उत्पादन सुरू झाले. म्हणजे ज्या हातांनी कार्ब्युरेटर जुळविला त्यांच्या मुलांना आता बॅटरी समजून घ्यावी लागते. कागद जुना होतो, यंत्र भंगारात जाते. शिकण्याची रीत तेवढी मागे उरते. या साऱ्या इतिहासाचे सार आम्हांस हेच दिसते.

आज कारखान्यांची रांग चाकणपर्यंत गेली आहे. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाएस्तेखानापुढे ज्या गावचा किल्ला झुंजविला, त्याच्या परिसरात २००९ पासून फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ, महिंद्र यांचे मोठे प्रकल्प उभे राहिले. तेथे जाणारा तरुण पुष्कळदा कंत्राटावर असतो. आज हे काम, उद्या ते. एका खोलीत सहा जण. आमच्या वडिलांना थकवा होता, परंतु उद्याची नोकरी ठरलेली होती आणि त्या भरवशावर ते पाच-सहा वर्षांच्या परीक्षेला बसू शकले. हा भरवसा आजच्या मुलाला नाही. त्याच्या खिशातील फोनवर जगातील सारे ज्ञान आहे, परंतु ते उघडून बसावयास निवांत तास नाही, कोपरा नाही. मुले शिकत नाहीत, असा दोष देण्यापूर्वी हे आपण ध्यानात घ्यावयास हवे.

कंत्राटाची रीत बदलणे आमच्या एकट्याच्या हातात नाही. पण आपल्या धर्मग्रामाच्या सभागृहाची किल्ली आपल्या हातात आहे. संध्याकाळी तेथे चार बाके, एक दिवा आणि शिकवावयास तयार असलेले एखादे निवृत्त टर्नरकाका एवढे जमविता येईल. आमच्या पिढीला स्वयंपाकघरातील दिवा मिळाला. आज जी मुले परगावाहून येथे एकटी येतात, त्यांच्यासाठी तो कोणी लावावयाचा?